खांद्यांचं माप

खाडीकाठच्या राजिवड्यात कोणाच्या घरी काय शिजलं, हे त्या घरातल्या माणसांच्या आधी हाजराबीला कळतं, असं लोक म्हणत. ते काही तितकंसं खरं नव्हतं. काय शिजलं ते तिला उशिराच कळायचं. पण का शिजलं, कोणासाठी शिजलं आणि कोण न जेवता उठलं, हे मात्र दिवस मावळायच्या आत ठाऊक असायचं. यात भिंतीला कान लावण्याचा प्रकार अजिबात नव्हता. हाजरा फणसोपकर तोंडावर विचारायची. तिला माणसांविषयी खरंच कुतूहल होतं आणि ते लपवायची कला अठ्ठावन्न वर्षांत तिला काही साधली नव्हती.

धंदाही तिला साजेसा मिळाला होता. पस्तीस वर्षं ती क्रोशाच्या टोप्या विणत होती, पांढऱ्या सुताच्या, जाळीच्या, नमाजाला घालतात त्या. टोपीला डोक्याचं माप लागतं. हाजरा टेप वापरत नसे. गिऱ्हाइकाला पडवीतल्या बाकड्यावर बसवायचं, डोक्याभोवती दोरा फिरवायचा आणि फिरवता फिरवता विचारायचं, अशी तिची रीत. डोक्याला दोरा लागला की माणसाला हलता येत नाही, आणि हलता येत नसलं की तो बोलतो. बोटीवर जाणारे, आखातात जाणारे, तिथून कायमचे परत आलेले, सगळे त्या बाकड्यावर मन मोकळं करून गेले होते. प्रत्येकाचा दोरा मापाला गाठ मारून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. चिठ्ठी नाही, नाव नाही. कुठलाही दोरा उचला, तो कोणाचा आणि त्या माणसाच्या मेव्हण्याचं पुढे काय झालं, हे ती बसल्या जागी सांगायची.

अशा या बाईनं गेल्या आठ महिन्यांत स्वतःच्या सुनेला एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्याला कारण तिचा मुलगा. एप्रिलमध्ये अमनचं लग्न होतं. त्याच्या आठवडाभर आधी तो पडवीत येऊन बसला, उगाच दोऱ्याचा गुंडा हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "अम्मी, एक सांगू? अलिझाला सतरा प्रश्न विचारू नको. पनवेलला वाढलेली हाय ती. घाबरंल. शब्द दे मला."

हाजराला लागलं ते. पण मुलाचं लग्न होतं, तिनं शब्द दिला. लग्नानंतर वीस दिवसांनी अमन बहरीनला कामावर गेला. अलिझाचा व्हिसा व्हायचा होता, म्हणून ती इथेच राहिली. रिकामं बसायला नको म्हणून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात तिनं नोकरी धरली. सकाळी साडेआठला जायची, संध्याकाळी सहाला यायची. मुलगी नीटनेटकी, कामसू, आवाज न करता भांडी लावणारी. नाव ठेवायला जागा नव्हती आणि हाजराला तर जागा नको, नुसती फट पुरली असती.

कारण तिला दिसत सगळं होतं. जेवायला बसली की पहिला घास घ्यायच्या आधी अलिझा एकदा दाराकडे बघायची. कोणाला बघते? विचारायचं नाही. ताटात वाढलेलं माशाचं डोकं बाजूला काढून ठेवायची आणि अगदी शेवटी खायची. आवडतं म्हणून जपून ठेवते, की नावडतं म्हणून लांबवते? विचारायचं नाही. प्रश्न गिळून गिळून हाजराचं पित्त वाढलं, असं तिचा नवरा अकबर म्हणायचा. अकबर बोटीवर आचारी होता, आता निवृत्त. दुसऱ्याच्या पोटाबद्दल मत द्यायची सवय त्याला तिथूनच लागलेली.

आणि मग नोव्हेंबरअखेर व्हिसा आला. वीस डिसेंबरचं विमान ठरलं. त्या दिवशी हाजरा डबा उघडून बराच वेळ दोरे चाळत बसली. राजिवड्यातल्या दोनशे माणसांची डोकी तिच्या डब्यात होती आणि जी मुलगी आठ महिने तिच्या हातचं जेवली, तिच्याबद्दल तिला एखाद्या गिऱ्हाइकाइतकीही माहिती नव्हती. आता ती जाणार होती. वर्षातून महिनाभर येईल, पाहुण्यासारखी राहील आणि परत जाईल. ओळख व्हायची ती या तीन आठवड्यांत, नाहीतर नाहीच. याचं हाजराला आतून फार वाईट वाटत होतं.

तीन तारखेच्या सकाळी मागच्या अंगणात तारेवर तिला एक टॉप दिसला, पण त्याला खांदे नव्हते.

फिकट निळा, साधा, सुती टॉप. अलिझाच्या अंगावर आठवड्यातून दोनदा तरी दिसणारा. काखेच्या खालून तो आडवा कापलेला होता. फाटलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापून, धागे सुटू नयेत म्हणून कडेला हातशिलाई घातलेली होती. वरचा भाग नाहीसा. हाजरा त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. मग अकबरला हाताला धरून घेऊन आली.

"ह्या बघा. चांगला टॉप. का कापलान असंल?"

अकबरनं पाहिलं. "विचार की तिला."

"शब्द दिलाय ना अमनला."

"मग मी विचारतो."

"तुमच्या तोंडून मीच विचारलं असं होईल ता. नको."

टॉप दोन दिवस तारेवर होता. वाळलेला कपडा अलिझा कधी तारेवर ठेवायची नाही, हे आणखी एक कोडं. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर हाजरा पडवीत टोप्यांचं काम घेऊन बसायला आली, तर बाकड्यावर, बरोबर तिच्या बसायच्या जागेशेजारी, एक पिशवी. आत तो कापलेला टॉप, पांढऱ्या सुताचे दोन गुंडे, एक नवी कोरी क्रोशाची सुई आणि ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेलं एक रंगीत चित्र. चित्रातल्या बाईच्या अंगात साधाच टॉप होता, पण गळ्यापासून छातीपर्यंतचा भाग, शिंपी ज्याला योक म्हणतात तो, सगळा क्रोशाच्या जाळीचा. खाली कापड, वर जाळी. जुन्या टॉपला नवं रूप.

म्हणजे कोडं सुटलं, असं दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. हाजराला मात्र एकाच्या जागी तीन पडली. क्रोशाचा क्र सुद्धा न येणाऱ्या मुलीनं आधी टॉप का कापला? सुई इतकी जाड का घेतली? आणि पिशवी इथे विसरली, की ठेवली?

तो दिवस तिनं पिशवीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथेच होती. तेव्हा हाजरानं स्वतःशी हिशेब केला की प्रश्न न विचारायचा शब्द दिलाय, विणायचं नाही असा काही दिलेला नाही. तिनं अलिझाची जाड सुई बाजूला ठेवली, आपली बारीक घेतली आणि चित्र भिंतीला टेकवून सुरुवात केली.

तिला वाटलं, यात आहे काय? टोपी वरून खाली विणतात, हाही वरून खाली विणायचा. फक्त टोपीला वर टाळू असते, इथे गळा. तिनं डोकं आत जाईल एवढ्या गळ्यासाठी एकशे साठ साखळ्या घातल्या, त्यांचं कडं जुळवलं आणि खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी सुरू केल्या. हात भराभर चालला. दुपारपर्यंत वीतभर योक तयार झाला. तो तिनं लादीवर ठेवला, तर तो पसरला नाही. उभा राहिला.

अकबर जेवायला आला तेव्हा त्यानं तो उचलून डोक्यात घातला. कानांपर्यंत आला. वरून टक्कल दिसत होतं.

"बरी हाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात वारा लागंल वरून."

हाजरानं टोपी ओढून घेतली आणि सगळी उसवली. तिला कळलं होतं काय झालं ते. टोपी विणताना पहिल्या काही ओळींत खांब वाढवत जायचे, म्हणजे गोल पसरतो. चहाच्या बशीपेक्षा थोडा मोठा झाला की वाढवणं थांबवायचं, म्हणजे कडा खाली वळतात आणि डोक्यावर बसतात. पस्तीस वर्षं तिच्या हातानं हेच केलं होतं. आठव्या ओळीला हात आपोआप थांबला होता. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हातावर डोळा ठेवून बसली. सातवी ओळ झाली, आठवी झाली. नेमकी तेव्हा मासेवाली धोंडूबाई पाटी घेऊन आली, तिच्या जावयाला बोटीवर काम मिळालं की नाही हे विचारण्यात पाच मिनिटं गेली, आणि खाली पाहिलं तर हातानं आपलंच खरं केलेलं. योकाची पुन्हा टोपी झाली होती.

तिसऱ्यांदा तिनं रागानं प्रत्येक ओळीत, दिसेल तिथे खांब वाढवले. हा मात्र पसरला. इतका पसरला की कडा वरखाली होऊन कोबीच्या पानासारख्या दिसायला लागल्या. असला योक घालून अलिझा बहरीनच्या विमानतळावर उतरली असती तर अमननं तिला ओळख दाखवली नसती.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट हाजराच्या ध्यानात आली. पिशवीतले गुंडे दोन होते, ते चार झाले. नवे दोन तिच्याच सुताचे, तिच्याच नंबराचे. म्हणजे संध्याकाळी ती अर्धवट काम टोप्यांच्या ढिगाखाली लपवून ठेवायची, ते कोणीतरी बघत होतं. आणि बघून काही न बोलता दुकानातून सूत आणत होतं. अलिझा चहाचा कप पुढे ठेवून "अम्मी, घ्या" म्हणायची, त्यापलीकडे चेहऱ्यावर काही नाही. हाजरा तिच्याकडे टक लावून बघायची आणि चहाबरोबर प्रश्नही पिऊन टाकायची.

नऊ तारखेला सकाळी ती पडवीच्या पायरीवर दुसऱ्या खेपेचं उसवलेलं सूत गुंडाळत बसली होती. समोर खाडीला ओहोटी लागली होती. गुडघाभर पाण्यात एक माणूस पाग घेऊन उभा होता. पाग म्हणजे एकट्यानं हातानं भिरकावायचं गोल जाळं. त्यानं कमरेतून वळून तो फेकला, आणि तो हवेत उघडला, आणि पाण्यावर पडला तो असा सपाट गोल, की कुठे वळकुटी नाही, कुठे झालर नाही. हाजरा रोज बघायची हे. त्या दिवशी तिच्या हातातून गुंडा गळून पायऱ्यांवरून खाली गेला.

पागही वरून खालीच विणतात. गळ्यापासून सुरू करून.

तिनं चप्पल घातली, फसलेला योक पिशवीत टाकला आणि रिक्षा करून पूल ओलांडून भाट्याला गेली. तिथे गंगाराम राहायचा. सत्तरीचा, समुद्रावर जाणं सोडलेला, पण पाग विणावा तर त्यानंच, असं दोन्ही काठांवरचे लोक म्हणत. तो माडाखाली खुर्ची टाकून बसला होता, समोर खिळ्याला अर्धा विणलेला पाग अडकवलेला.

"हाजराभाबी? आज हिकडं खय?" त्यानं मान वर केली.

हाजरानं पिशवीतून तो कोबी काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "गंगारामभाऊ, ह्या पसरत का नाय, सांगा. थांबली तर टोपी होते, नाय थांबली तर ही असली झालर."

गंगारामनं तो चष्म्याजवळ नेला, दोन बोटांनी ताणला, उलटा करून पाहिला. एवढं बारीक जाळं त्यानं कधी हातात घेतलं नव्हतं, पण जाळं ते जाळंच. मग तो हसला. त्यानं आपल्या पागाकडे बोट केलं. गळ्यापासून खाली ठरावीक अंतरावर लाल दोऱ्याच्या खुणा होत्या, वरपासून खालपर्यंत सरळ रांगेत.

"ह्या आठ जागा. तीन ओळी सरळ विणायच्या. चौथीला ह्या आठ जागांवर एकेक घर वाढवायचं. परत तीन सरळ. परत आठ घरं. मधे कुठं वाढवायचं नाय आणि थांबायचं तर नायच. पार शिशाच्या गोळ्या लावीपर्यंत. तुम्ही घाबरून एकदम वाढवलंत, म्हणून ह्याला वळ्या पडल्या."

"आणि हात थांबला तर?"

"तर पाग पाण्यात टोपीसारका पडतो. एक बोय मासा गावणार नाय."

हाजरानं त्याच्याकडून लाल दोऱ्याचे आठ तुकडे मागून घेतले. निघताना त्यानं विचारलं, "कोणासाठी चाललाय हा?"

"सुनेसाठी. वीस तारखेला जाते ती."

"मग खांद्यांचं माप घेतलंत? हातांसाठी किती जागा सोडायची ती?"

हाजरानं लाल दोरे मुठीत गुंडाळले. गंगारामनं सुतळी दातांनी तोडली.

"पागाला माप नसलं तरी चालतं भाबी, खाडी काय अंगात घालत नाय तो. माणसाला लागतं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हाजरा जेवणापुरती उठली. लाल दोरे आठ जागी बांधले, तीन ओळी सरळ, चौथीला आठ खांब. आठवी ओळ आली तेव्हा तिचा हात सवयीनं थांबायला गेला आणि लाल दोऱ्यावर अडला. ती मोठ्यानं म्हणाली, "थांबायचं नाय," आणि आत अकबरला वाटलं आपल्यालाच काही सांगते आहे, म्हणून तो चालायला लागला. सोळावी ओळ, विसावी. दहा तारखेला दुपारी तिनं योक दोन हातांत धरला आणि तो माणूस पाग फेकतो तसा लादीवर टाकला. तो पडला आणि पसरला, गोल, शांत, एकही वळी न पडता. हाजरा त्याच्याकडे बघून एकटीच हसली. इतकं बरं तिला पहिली टोपी जमली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण गंगाराम बरोबर होता. आता पुढे कुठे आणि मागे कुठे टॉपला जोडायचं, मधे हातांसाठी किती सोडायचं, हे अंदाजानं होण्यासारखं नव्हतं. तिनं आधी अकबरवर अंदाज घेऊन पाहिला. अकबरचे खांदे पाहून तिनं तो नाद सोडला.

संध्याकाळी सहाला अलिझा आली, तेव्हा हाजरा बाकड्याशेजारी हातात दोरा घेऊन उभी होती.

"बस जरा," ती म्हणाली. "खांद्यांचं माप हवंय."

अलिझानं पर्स खाली ठेवली आणि बसली. कशाचं माप, असंही विचारलं नाही. ओढणी बाजूला केली, केस पुढे घेतले आणि पाठ ताठ केली. हाजरानं दोरा डाव्या खांद्याला लावला आणि तिच्या जिभेवर प्रश्न आला. दोरा लावला की प्रश्न येणारच. तिचं दुसरं काही चालतच नसे. तिनं ओठ आवळले. दोरा मानेमागून उजव्या खांद्यावर नेला. दोरा सरकला, परत पहिल्यापासून लावावा लागला.

"अम्मी," अलिझा समोर खाडीकडे बघत म्हणाली, "विचारा ना."

"काय?"

"काहीही. तुम्ही सगळ्यांना विचारता. आमच्या ऑफिसातला दर्शन सांगत होता, त्याचा मित्र टोपीचं माप द्यायला आला होता इथे. मोडलेल्या साखरपुड्याचं जे त्यानं घरात कोणाला सांगितलं नव्हतं, ते तुम्हाला सांगून गेला. म्हणाला, बरं वाटलं. धोंडूबाईच्या जावयाचं सुद्धा तुम्हाला माहीत असतं. मलाच कोणी काही विचारत नाही."

हाजराच्या हातातला दोरा सैल झाला. "अमनला शब्द दिलाय मी. तुला काय विचारणार नाय असा."

अलिझा गर्रकन वळली. "अमननं?"

"घाबरशील म्हणाला."

"मला तो म्हणाला, अम्मी दोन दिवसांत तुझं सगळं काढून घेईल, वाईट वाटून घेऊ नको. मी तयारी करून आले होते. काय विचाराल, मी काय सांगेन, पूर्ण पाठ होतं. पहिला आठवडा वाट बघितली. मग महिना." तिचा आवाज बारीक झाला. "मग वाटलं, तुम्हाला माझ्याबद्दल काही जाणूनच घ्यायचं नाही. मी एक कुठून तरी आलेली आणि कुठेतरी जाणारी, मधे इथे उतरलेली. टॉप कापला तेव्हा म्हटलं, आता तरी विचारतील, का कापलास. दोन दिवस तारेवर ठेवला. मग दुकानात मिळाली ती सुई घालून इथे तुमच्याजवळ आणून ठेवला. तर तुम्ही विणायलाच बसलात."

हाजरा बाकड्यावर टेकली. तिला मुलाचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग एकदम रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. "चांगला टॉप कापलास गो," ती नाक पुसत म्हणाली. "माझ्या एका प्रश्नासाठी."

"जुना होता. गळा सैल झालेला."

"आठ महिने, अलिझा. आठ महिने मी रोज तुला विचारत होती. मनात."

"मग आता विचारा."

इतके प्रश्न साठले होते की हाजराला पहिला कुठला काढावा ते कळेना. तिनं दोरा परत खांद्याला लावला, कारण त्याशिवाय तिला सुचत नसे.

"जेवायला बसलीस की दाराकडे का बघतेस?"

अलिझानं मान वळवून दाराकडे पाहिलं. "अब्बा रिक्षा चालवायचे. आम्ही ताटावर बसलो की नेमके यायचे. आई म्हणायची, पहिला घास थांब, येतीलच. मग ते यायचे. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. सवय जात नाही."

हाजराचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. गेले आठ महिने त्या दाराकडे पाठ करून आपण जेवत होतो, असं तिच्या मनात आलं. उद्यापासून दारासमोरची जागा मोकळी ठेवायची, असं तिनं ठरवलं.

"आणि माशाचं डोकं? शेवटी का खातेस?"

"खरं सांगू?"

"सांग."

"नाही आवडत. पण तुम्ही मानानं वाढता."

आतून अकबरचा हसण्याचा आवाज आला. तो दाराआड उभा राहून ऐकत होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. "आठ महिने मी त्या डोक्यांकडे बघत बसलोय," तो म्हणाला. "कोणी विचारलं का मला?"

त्या संध्याकाळी दोरा किती वेळा लावला गेला याची गणती नाही. दिवे लागले तरी माप काही पुरं झालं नव्हतं. अलिझाला लहानपणी घरात काय म्हणायचे, गणितात किती मार्क पडले, अमनचा फोटो पहिल्यांदा पाहून तिनं काय म्हटलं, बहरीनची भीती वाटते का, हे सगळं त्या दोऱ्याखाली झालं. भीती वाटते, असं ती म्हणाली. हाजरानं ते ऐकून घेतलं आणि काही उपदेश केला नाही, तिच्यासाठी हे फार होतं.

बारा तारखेला योक टॉपला जोडून झाला. अलिझानं घालून पाहिला. गळा बरोबर, खांदे बरोबर, जाळी अंगावर पाण्यासारखी बसली. आता फक्त बाह्यांच्या कडेची एक ओळ उरली होती, तासाभराचं काम.

तेरा तारखेला अलिझा ऑफिसातून आली, तर हाजरा डाव्या बाहीच्या तीन ओळी उसवून बसली होती.

"सैल वाटली," हाजरा वर न बघता म्हणाली. "परत माप घ्यायला लागंल."

काल बाही कशी बसली होती ते अलिझानं स्वतः आरशात पाहिलं होतं. तिनं पर्स ठेवली, केस पुढे घेतले आणि बाकड्यावर बसली. चौदाला उजवी बाही घट्ट निघाली. सोळाला गळा मोठा वाटला. सतरा तारखेला काय बिघडलं होतं ते हाजरानं सांगितलंही नाही आणि अलिझानं विचारलंही नाही. ती सरळ येऊन बसली.

एकोणीसला सकाळी शेवटची ओळ झाली. लाल दोरे हाजरानं एकेक करून काढले. अलिझा तोच टॉप घालून निघाली, मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसताना वरचं जाकीट तिनं मुद्दाम काढून हातावर घेतलं. अकबर तिला विमानतळापर्यंत सोडायला गेला. हाजरा पडवीत परत आली. बाकड्यावर दोरा पडला होता. तिनं त्याला मापाला गाठ मारली, आणि डबा उघडून डोक्यांच्या दोनशे दोऱ्यांत तो एक खांद्यांचा दोरा ठेवला. मग तिला परत रडू आलं.

एकवीस तारखेला दुपारी बहरीनहून अमनचा फोन आला.

"अम्मी, तू हिला काय काय विचारलंस गो? काल उतरल्यापासून बोलतेच हाय. माशाचं डोकं काय, अब्बांची रिक्षा काय. मला ह्यातलं काय माहीत नव्हतं. शब्द दिला होतास ना तू?"

मागून अलिझाच्या हसण्याचा आवाज येत होता. हाजरानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मांडीवरची अर्धी टोपी नीट केली.

"मी कुठं काय विचारलं?" ती म्हणाली. "नुसतं माप घेतलं."